दोन सॅक आणि एक वही

आंब्याला मोहोर आला की आमच्या मालगुंडात दोन हिशेब सुरू होतात. एक बागेचा आणि दुसरा मे महिन्यातल्या लग्नांचा. मुंबई-पुण्याचे चाकरमानी मेमध्ये गावी येतात, मुलांच्या शाळांना सुट्टी असते, म्हणून लग्नेही त्याच महिन्यात धरतात. आणि आंबा उतरवून पेट्या भरण्याचा काळही नेमका तोच. बागायतदाराच्या घरी लग्न निघाले की अंगणात एकीकडे मांडव आणि दुसरीकडे पेट्यांत घालायचा पेंढा, असे दृश्य ठरलेले.

यंदा आमच्याच घरात असे लग्न आहे. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. मुलगी चिपळूणची, तीही पुण्यालाच नोकरीला. जानेवारीतल्या एका शनिवारी दोघे गावी आली आणि रात्री जेवणे झाल्यावर पडवीत त्यांनी आपला बेत सांगितला. लग्नानंतर युरोपला जायचे. सहल कंपनीबरोबर नाही; पाठीवर सॅक टाकून, आगगाडीने, आपले आपण.

दीर मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बँकेत परदेशी चलनाचं बघत होतात. तुम्हीच ह्यांना समजवा. चांगल्या ग्रुपबरोबर जा, पैसे मी भरतो म्हटलं, तर नको म्हणतात. नव्या नवरीला काय पाठीवर ओझं घेऊन फिरवायचं?"

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. मुलीने सॅकेतून एक शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. "काकू, तुम्ही एकदा बघा, मग काय ते सांगा."

मी बँकेत अडतीस वर्षे काढली आणि त्याच काळात कादंबऱ्याही लिहिल्या. कादंबऱ्यांतून मी चार-पाच लग्ने लावली. पण मधुचंद्राचे प्रकरण दर वेळी एका ओळीत उरकले. 'महाबळेश्वरहून परत आल्यावर' असे लिहायचे आणि थेट संसाराला लागायचे. त्या दोन-चार दिवसांत ठरवण्यासारखे काही असते, असे मला कधी वाटलेच नाही. ती वही वाचताना ही चूक माझ्या लक्षात आली, आणि ती केवळ लेखनातली चूक नव्हती.

वहीत वीस रात्री आणि आठ देश होते. कर्जप्रकरण तपासावे तशी मी पेन्सिल घेऊन बसले. पहिली फुली लंडनवर पडली. युरोपातल्या 29 देशांत आज एकाच शेंगेन व्हिसावर फिरता येते. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या लहानशा गावी 1985 साली पाच देशांनी करार केला, त्यावरून हे नाव पडले. ब्रिटन त्यात नाही. लंडनसाठी वेगळा व्हिसा, वेगळी फी आणि वेगळी धावपळ करावी लागते. दोन दिवसांसाठी एवढा खटाटोप कशाला?

दुसरी गोष्ट अशी, की शेंगेनचा अर्ज वाटेल त्या देशाकडे करता येत नाही. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे करावा लागतो. आठही देशांत दोन-तीन रात्री असल्या की अर्जातच घोळ दिसतो. प्रवास सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावा लागतो. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर कोणी राहू नये. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावे लागेल. माणशी 90 युरो फी, केंद्राचा आकार वेगळा, आणि व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. शिवाय किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

आणि बँकेचे खातेउतारे. इथे मात्र मी जरा मास्तरीण झाले. मी शाखेत असताना एक नवे जोडपे उताऱ्यावर शिक्का मागायला आले होते. खात्यात आदल्याच आठवड्यात नातेवाइकांकडून आणलेले तीन लाख जमा झालेले. मी शिक्का दिला, कारण रक्कम खरीच होती. व्हिसा मात्र मिळाला नाही. उतारा बघणाऱ्याला शेवटची शिल्लक जेवढी दिसते, तेवढीच ती कधी आणि कशी साठली हेही दिसते. दर महिन्याला पगार जमा होतो, त्यातून थोडे मागे पडते, तीन वर्षांची आयकर विवरणे आहेत, नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र आहे. साध्या माणसाची पत ती हीच.

हे सारे मी तासभर सांगितले. दोघांनी लिहून घेतले. पण वही चाळताना आणखी एक गोष्ट माझ्या मनात खुपत होती. वीस रात्रींत आठ देश हा बेत दोघांपैकी नक्की कोणाचा? अक्षर मुलीचे होते; पण युंगफ्राउचे बर्फ, आम्सटरडॅमचे कालवे, पॅरिसचा मनोरा ह्या याद्या कोणाच्या? मी विचारले तेव्हा दोघेही एकदम म्हणाली, "आमच्या दोघांच्या."

कर्जाला दोन अर्जदार असले की मी दोघांशी वेगवेगळे बोलत असे. नवऱ्यासमोर बायको "हो, आम्ही फेडू" म्हणते. पाच मिनिटे एकटी बसली की हप्ता झेपणार नाही हे सांगते. म्हणून मी दोघांना वहीतले एकेक पान फाडून दिले आणि वेगवेगळ्या खोल्यांत पाठवले. हव्याच अशा तीन गोष्टी लिहा आणि जमणारच नाही अशी एक.

पाने आली. मुलाने लिहिले होते : बर्फ, रोम, आगगाडीचा लांब प्रवास, आणि जमणार नाही त्यात, चार दिवस भात मिळाला नाही तर मी चिडचिडा होतो. मुलीने लिहिले होते : व्हेनिस, संग्रहालयांसाठी निवांत वेळ, प्राग, आणि जमणार नाही त्यात, रोज सॅक आवरून नवे गाव करणे. अनोळखी माणसांबरोबर मोठ्या खोलीत झोपायला आपल्याला अवघड वाटेल, अशी एक ओळ तिने लिहून खोडली होती. खोडलेली ओळ वाचता येत होती.

आठ देशांच्या यादीखाली ही खोडलेली ओळ दडली होती. ती कोणी विचारलीच नसती, तर मुलगी वीस रात्री मुकाट्याने अवघडून राहिली असती, आणि हौसेने सगळे जमवणाऱ्या मुलाला ती गप्प का, हे कळले नसते.

हे मी इतक्या खात्रीने म्हणते, कारण मी तसा प्रवास केलेला आहे. आमचे लग्न 1987 सालचे. बँकेची प्रवास-सवलत होती, ह्यांनी मोठ्या हौसेने उटी आणि कोडाईकनाल ठरवले, आरक्षणे केली, स्वेटरसुद्धा आणले. मला घाटातली गाडी लागते. नऊ दिवसांतले सहा दिवस मी लिंबू हुंगत काढले आणि विचारले की "छान आहे" म्हणत राहिले. मला कन्याकुमारी बघायची होती. कोडाईहून ती एका रात्रीच्या अंतरावर होती. मी बोलले नाही. त्या सहलीला खर्च किती आला हेही मी विचारले नाही. आणि त्या वेळी मी मुंबईत फोर्टच्या शाखेत परकीय चलनाच्या टेबलावर बसून परक्यांचे डॉलर मोजत होते! पुढे कितीतरी वर्षांनी बोलण्याच्या ओघात हे ह्यांना सांगितले, तेव्हा ते खरेच दुखावले. "सांगितलं असतंस तर मी वळवली नसती का गाडी?" वळवली असती, हे मलाही ठाऊक होते. पण विचारायची पद्धत नव्हती आणि सांगायचीही नव्हती.

त्या टेबलावरचा काळ आजच्या मुलांना सांगितला तर गोष्टच वाटते. 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्याचा, म्हणजे 'फेरा'चा, अंमल होता. परदेशी जाणाऱ्याला मोजके डॉलर मिळत आणि विकलेल्या चलनाची नोंद आम्ही त्याच्या पासपोर्टवर करून सही-शिक्का मारत असू. मधुचंद्रासाठी युरोप हे सिनेमातल्या लोकांचे काम. 'फेरा' जाऊन 2000 च्या जूनमध्ये 'फेमा' आला. 2004 साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला 25,000 डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. सरकारी फाटक असे उघडत गेले. पण घरातले फाटक, म्हणजे सुनेने काय हवे आणि काय नको हे तोंडाने सांगण्याचे, त्याच वेगाने उघडले असे मला वाटत नाही.

माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी युरोप पहिल्यांदा पाहिला तो पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'अपूर्वाई'त. सुनीताबाई रत्नागिरीच्या. त्यांचे लग्न 12 जून 1946 रोजी रत्नागिरीतच, कसलाही थाटमाट न करता, नोंदणी पद्धतीने झाले. विलायतेचा प्रवास मात्र पुढे 1958 साली घडला. लग्न साधे आणि प्रवास बारा वर्षांनी, असा तो क्रम. आताच्या मुलांना क्रम बदलायचा आहे, लग्न साधे आणि प्रवास लगेच. ह्यात वडीलधाऱ्यांनी रागावण्यासारखे काय आहे, हे मला उमगत नाही. ह्या दोघांनी आरे-वारेच्या किनाऱ्यावरचे ते लग्नाआधीचे फोटोंचे प्रकरण नको म्हणून सांगितले, हळदीच्या दिवशीचा डीजे नको म्हणून सांगितले. प्रवासासाठी दोघांनी स्वतःच्या पगारातून प्रत्येकी तीन लाख साठवले आहेत. दीर म्हणतात तो ग्रुपही वाईट नव्हे. मराठी सहल कंपन्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या हजारो आजी-आजोबांना परमुलखात गरम वरण-भात खाऊ घालून सुखरूप परत आणले आहे. मी त्यांची टिंगल करणार नाही. पण तिथे सगळे दुसऱ्याने ठरवलेले असते. साठीनंतर ते सुख असते. संसाराच्या आरंभी मात्र ठरवायला शिकणे हाच फायदा असतो, आणि तो पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही नव्याने मांडली. आठ देशांचे चार झाले. रोम चार रात्री, फ्लॉरेन्स तीन, व्हेनिस दोन. तिथून व्हेरोनामार्गे ब्रेनर खिंड ओलांडून इन्सब्रुक दोन, व्हिएन्ना दोन, प्राग चार आणि बर्लिन तीन. इटलीत नऊ रात्री, म्हणून अर्ज इटलीकडे. रोमला उतरायचे आणि बर्लिनहून परतायचे, म्हणजे विमानासाठी मागे फिरण्याचा दिवस वाचतो. स्वित्झर्लंड गेले, तेव्हा मुलाचा चेहरा उतरला. 1995 च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' पासून आपल्याकडच्या मुलांचा युरोप स्वित्झर्लंडच्या बर्फातूनच जातो. पण आल्प्स ऑस्ट्रियातही आहेत, इन्सब्रुक गावातूनच डोंगरावर जाणारा पाळणा आहे, आणि ब्रेनरमार्गे जाणारी गाडी त्याला हवा तो लांब प्रवासही घडवील.

इथे मुलीनेच मला एक धडा दिला. युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी 1959 पासून युरेल नावाचा पास मिळतो, तो काढावा असे मी सुचवले होते. तिने बेरीज करून दाखवली. आता गाडीचे प्रवास सहाच उरले आहेत. लवकर काढली तर सुटी तिकिटे पासाहून स्वस्त पडतात. शिवाय इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. मी माझी ओळ खोडली. राहण्यासाठी तिने हॉस्टेलेच निवडली, पण त्यांतली दोघांपुरती वेगळी खोली मिळेल अशीच. तरुणांनी स्वस्तात हिंडावे म्हणून अशी वसतिगृहे असावीत ही कल्पना एका जर्मन शिक्षकाला 1909 साली सुचली; युथ हॉस्टेलच्या ट्रेकना गेलेल्या मराठी मुलांना ती नवी नाही. बहुतेक हॉस्टेलांत सामाईक स्वयंपाकघर असते. मुलाच्या भाताची सोय त्याने स्वतः करायची, असे ठरले. दिरांना हे विशेष आवडले नाही. जाऊबाई मात्र हसल्या.

मग खर्च. युरोला आज शंभरावर रुपये मोजावे लागतात. विमान 1,40,000, व्हिसा आणि विमा 30,000, गाड्या 50,000, वीस रात्रींचे राहणे 1,70,000, जेवण 1,05,000, संग्रहालये, पाळणा, शहरातले फिरणे 35,000. बेरीज 5,30,000. उरलेले 70,000 हात न लावण्यासाठी. चलन दोघांनी आपापल्या नावाच्या कार्डावर घ्यायचे. एक कार्ड हरवले तर दुसरे असते हे एक कारण. दुसरे असे, की आपल्या पैशाला आपला हात लागतो. स्वतः आखलेल्या अशा प्रवासासाठी वर्षाला दहा लाखांपर्यंतच्या चलनावर बँक आगाऊ कर कापत नाही. आणि परदेशातल्या यंत्राने रुपयांत पैसे देणार की युरोंत असे विचारले, तर नेहमी युरो म्हणायचे. रुपये म्हटले की दर त्या यंत्राचा मालक लावतो.

कर्ज काढून मात्र जाऊ नये. मधुचंद्रासाठी वैयक्तिक कर्ज मागायला आलेली जोडपी मी पाहिली आहेत. फोटो जुने होतात, हप्ता दर महिन्याला नवाच असतो. सहा लाख नसतील तर दोन रात्री दापोलीला जावे, एसटीने जावे. रक्कम कमी झाल्याने पानावर लिहायच्या चार गोष्टी कमी होत नाहीत.

राहिली जाऊबाईंच्या मौनाची गोष्ट. मुलांनी सप्टेंबर महिना धरला होता. म्हणजे गणपती आणि गौरी त्यांच्यावाचून होणार. लग्नानंतरची पहिली गौर, सुनेचा पहिला ओवसा, सुपे भरून वडीलधाऱ्यांना द्यायची, त्याची जाऊबाई वर्षभर वाट बघणार. त्या बोलल्या नसत्या. मी त्यांनाही एक पान दिले. त्यांनी एकच शब्द लिहिला, 'ओवसा'. चिपळूणच्या मुलीला तो समजावून सांगावा लागला नाही. तिने स्वतःच तारखा विसर्जनापलीकडे नेल्या आणि म्हणाली, "आई, हे तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. नाहीतर मला वर्षभर वाटत राहिलं असतं की काहीतरी चुकलंय." ऑक्टोबरात तिकडे दिवस लहान होतात, पण गर्दी ओसरते, तेही आहेच.

नावाचा प्रश्न शेवटी निघाला. तांदळात नवे नाव लिहायचे, ते लिहितील. पण तिकीट, व्हिसा, कार्ड ह्यांवर पासपोर्टवरचेच नाव हवे, अक्षराचाही फरक चालत नाही. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदलण्याची सक्ती नाही. लग्नाची नोंदणी इथल्या ग्रामपंचायतीत करायची; 1998 च्या कायद्याने ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो. "म्हणजे ती माहेरच्या नावाने हनिमूनला जाणार?" दिरांनी विचारले. मुलगा म्हणाला, "बाबा, मी पण माझ्या माहेरच्याच नावाने जातोय." दीर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनाच हसू फुटले. ग्रुपचे पैसे भरण्याचा आग्रह त्यांनी त्या दुपारी सोडला. संध्याकाळी त्यांनी मुलीला विचारले, "त्या रोमच्या खोलीचा पत्ता एका कागदावर लिहून देशील ना मला?" तिने वहीचे शेवटचे पान त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे.

आमच्या घरापासून केशवसुतांचे स्मारक जवळच आहे. 1866 साली मालगुंडात जन्मलेल्या ह्या कवीने इटलीत जन्मलेला चौदा ओळींचा काव्यप्रकार मराठीत आणला. नोकरीसाठी हिंडता हिंडता 1905 साली ते हुबळीला प्लेगने गेले. इटली त्यांनी पाहिली नाही, इंग्रजी पुस्तकांतून ती त्यांच्यापर्यंत आली. ह्या गावातली दोन मुले आता पाठीवर सॅक टाकून तिथे उतरतील, ह्याचा मला आनंद वाटतो, आणि आम्ही थोरांनीही तो मानावा. त्यांच्या प्रवासात आपण पैसे घालण्यापेक्षा, जाण्यापूर्वी त्या दोघांना एकमेकांना विचारायला लावावे. विशेषतः मुलीने खोडलेली ओळ वाचावी.

मुले रविवारी रात्री रत्नागिरीहून गाडीने पुण्याला परतली. वही घेऊन गेली. फाडलेल्या पानांचे एक जोडपान मात्र टेबलावर राहिले होते. परवा ह्यांनी ते उचलले, मधोमध फाडले आणि अर्धे माझ्याकडे सरकवले. "तुझे तीन लिही. आणि जमणार नाही ते एक." मी पहिल्या ओळीवर कन्याकुमारी लिहिले आहे. त्यांचे पान मी पाहिलेले नाही; दोघांचे लिहून झाल्यावरच बघायचे, असे ठरले आहे.